दोन गुरुवारांची रजा

ताई, नमस्कार.

मी सांगलीची, वय 59. बँकेतून निवृत्त होऊन वर्ष झालं. आमचं घर गावभागात होतं. 2019 च्या पुरात तळमजला बुडाला, मिस्टरांनी धास्तीच घेतली आणि आम्ही विश्रामबागला फ्लॅट घेतला. निवृत्तीनंतर चारच महिन्यांत मिस्टर गेले. मुलगा-सून बंगळूरला. इथं दिवसच्या दिवस दाराची बेल वाजत नाही.

एका ओळखीच्या बाईंनी मला एका साधना केंद्रात नेलं. दर गुरुवारी सत्संग, श्वासाची क्रिया, नामस्मरण. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी इतक्या मायेनं विचारपूस केली की मी तिथंच रडले. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी माझ्या नावाचा स्टीलचा पेला दिला. सगळे मला नुसत्या नावानं हाक मारतात. क्रिया झाली की हातापायांना मुंग्या येतात, ऊर्जा फिरते असं गुरुजी सांगतात. नंतर जे शांत वाटतं, तसं मिस्टर गेल्यापासून कुठेच वाटलेलं नाही. मनोगताची एक वही दर आठवड्याला लिहून द्यायची असते. मिस्टरांच्या आजारपणातलं, घरात कुणालाच माहीत नसलेलं, ते सगळं मी त्यात लिहिलंय.

आता गुरुपौर्णिमेला ‘अंतरंग दीक्षा’ घ्या म्हणतायत. 1 लाख 51 हजार रुपये. आधी 21 दिवस केंद्रावर राहायचं, फोन जमा करायचा. झोपेची आणि बीपीची गोळी सोडायची, औषधानं साधना अडते म्हणे. धाकटी बहीण तासगावला असते, ती ऐकून भडकली. म्हणाली, अंनिसवाल्यांनाच (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या लोकांना) घेऊन येते. हे केंद्रात सांगितलं तर म्हणाले, ती नकारात्मक आहे, तूर्त बोलणं नको. मी एम.कॉम. आहे, 34 वर्षं लोकांच्या सह्या पडताळल्या. मला कोण फसवणार? पण रात्री तीनला जाग येते. मी चुकतेय का?

– एक वाचक, विश्रामबाग

*

विश्रामबागच्या ताई,

आधी गोळीचं. बीपीची गोळी आज नेहमीच्या वेळी घ्या, उद्याही घ्या. पुढचं पत्र परवा वाचलंत तरी चालेल. बीपी चढलं तर अंगाला कळतंच असं नाही, म्हणून तर ती गोळी रोज घ्यायची असते. झोपेच्या गोळ्यांतल्या काही एकदम सोडल्या तर झोप आणखी उडते, जीव घाबरा होतो. कमी करायच्या असतील तर ज्यांनी लिहून दिल्या त्या डॉक्टरांना विचारून. या एका मुद्द्यावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही, बाकी सगळ्यावर खुशाल घाला.

तुमच्या पत्रातल्या त्या पेल्यापाशी मी बराच वेळ थांबले. आपल्याकडे भांड्यावर नाव कधी घालतात? लग्नात, बारशाला, वास्तुशांतीला, नाहीतर कुणाच्या स्मरणार्थ. दुकानातला पोरगा हातातलं यंत्र टर्रर्र करत फिरवतो आणि आपण शेजारी उभं राहून ‘वेलांटी दुसरी हं’ म्हणून बजावत असतो. त्या नावाला मागे-पुढे काही ना काही चिकटलेलं असतंच. चि. सौ. कां., मग नवऱ्याचं नाव, आडनाव, तारीख. नुसतं तुमचं नाव, शेपूट न लावता, एखाद्या भांड्यावर पहिल्यांदाच आलं असेल. आणि ते कधी आलं, तर ‘सौ.’ सुटून वर्षही झालं नव्हतं तेव्हा. ही पेल्याची युक्ती ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला माणसाचं मन चांगलं वाचता येतं, एवढं मी त्याला देऊन टाकते.

तुमच्या बहिणीला वाटतंय तुम्ही बुवाबाजीला भुललात. मला तसं वाटत नाही. मला त्यात पूर दिसतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा आम्ही इकडे साताऱ्यात टीव्हीसमोर बसून कोयनेचा विसर्ग आणि तुमचे फूट मोजत होतो. कोयनेचं पाणी आमच्या जिल्ह्यातून सुटतं आणि कराडला कृष्णेत मिळून तुमच्या उंबऱ्यात येतं, म्हणून उगीच अपराधी वाटायचं. पाणी ओसरल्यावर पंचनामे झाले. गाद्या, फ्रीज, कपाट, धान्य. गल्ली गेली त्याचा पंचनामा कोण करतो? उंबऱ्यात बसून लसूण सोलता सोलता समोरच्या उंबऱ्याशी होणारं बोलणं, सकाळी कुकरची शिट्टी ऐकू आली नाही म्हणून ‘काय गं, बरं नाही का?’ करत थेट स्वयंपाकघरात शिरणारी शेजारीण. हे तुमच्या फ्लॅटच्या तिसऱ्या मजल्यावर (मी आपला तिसरा धरला) लिफ्टनं येत नाही. घर बदललं, नोकरी संपली, जोडीदार गेला, मूल लांब. माणूस अशा ठिकाणी पोचतो तो बहुतेकदा यातल्या एखाद्या सांध्यावर. तुमचे चारही सांधे थोड्या वर्षांत निखळले. त्यावर कुणी मायेनं हात ठेवला तर रडू येणारच, दगडाला येईल.

मी हे लांबून बोलत नाहीये. 1990 नंतरच्या वर्षांत नवऱ्याच्या बदलीनं आम्ही साताऱ्यात आलो. ओळखदेख नाही, मुलगी दीड वर्षाची, नवरा महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. शाहूपुरीत एका घरी गुरुवारी सत्संग भरायचा. त्याचं नाव सांगत नाही, ती मंडळी कधीच पांगली. दोन वर्षं गेले. एक पाटली दिली. आमच्याकडेही वही होती, तिला दोषवही म्हणायचे. मग आईचं ऑपरेशन कराडला ठरलं आणि नेमकं त्याच आठवड्यात शिबिर आलं. मी जाते म्हटल्यावर मुख्य बाई शांतपणे म्हणाल्या, “आईचे भोग आईला भोगू द्या.” तेवढ्यावर थांबल्या नाहीत. माझी वही काढली आणि सगळ्यांसमोर एक पान वाचलं. लहानपणी आईनं मला मामाकडे ठेवलं त्याचा राग मी लिहिला होता, तेच पान. “बघा, जायचं तुमच्याच मनात नाही.”

मी मुलीला काखोटीला मारलं आणि स्टँडवर जाऊन कराडची एस.टी. पकडली. गाडीत बसल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं असेल, असं लोकांना वाटतं. छे. माझी खात्री होती की आता गाडी उलटणार. उंब्रज येईपर्यंत मी जप करत होते, आणि तोही त्यांनीच दिलेला. महिन्याभरानं मोती चौकात त्यांच्यातल्याच एक बाई समोरून आल्या. माझ्या मुलीला ज्यांनी तासन् तास मांडीवर खेळवलं होतं, त्या. त्यांनी हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि बघितलंच नाही. पाटलीचं नवऱ्याला सांगायला मला नऊ वर्षं लागली.

आता शांततेकडे येते, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात खरी गोष्ट तीच आहे. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. फक्त ती कुठून येते ते बघू. भराभर श्वास घेत-सोडत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यानं बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, काहींना रडू फुटतं. तुमची ‘ऊर्जा’ ती ही. गुरुजींचा फोटो काढून तिथं किराणा दुकानाचं कॅलेंडर लावलं तरी मुंग्या येतील. (बीपी असताना अशी जोराची क्रिया करावी का, हेही डॉक्टरांना विचाराच.) नंतरची जी निवांत अवस्था आहे ती संथ जपाची. 2001 मध्ये इटलीतल्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात लोकांना एकदा ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा ‘ॐ मणि पद्मे हूं’ हा मंत्र. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला साधारण 6 वर आला आणि हृदयाच्या लयीवर चांगला परिणाम दिसला. देव वेगळे, भाषा वेगळ्या, श्वास तेवढाच. आपल्या आज्या तिन्हीसांजेला माळ घेऊन बसायच्या त्या काही उगीच नाही. त्यात चार जणींचा आवाज एकत्र लागला की आपण एकटे नाही असं अंगालाच कळतं. हे सगळं तुमचं आहे. तुमच्या फुप्फुसांचं आहे. ते परत तुम्हालाच 1 लाख 51 हजाराला कशाला विकतायत?

‘मला कोण फसवणार’ याबद्दल मात्र जरा कडू बोलते. 1984 मध्ये टोकियोत एका माणसानं योगाचा छोटा वर्ग काढला. त्याचा पुढे ओम शिनरिक्यो नावाचा पंथ झाला. 20 मार्च 1995 ला त्या पंथाच्या लोकांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन हा विषारी वायू सोडला, माणसं मेली, हजारो आजारी पडली. डब्यांत विषाच्या पिशव्या फोडणारे पाच जण होते. त्यातला एक हृदयाची शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर होता, बाकीचेही विज्ञान-तंत्रज्ञान शिकलेले. तुमचं केंद्र तसलं आहे असं सुचवायचंही माझ्या मनात नाही, गुरुवारच्या सत्संगाला तिथं नेऊन बसवणं हा मूर्खपणा होईल. पण डिग्री इथं कवच म्हणून चालत नाही. शिकलेल्या माणसाला उलट स्वतःची समजूत फार सुबक घालता येते. मी घातलीच होती की. पाटली दिली त्या रात्री मी ‘सोन्याची आसक्ती’ या विषयावर स्वतःलाच अर्धा तास प्रवचन दिलं.

तेव्हा एम.कॉम. बाजूला ठेवा आणि 34 वर्षांची नोकरी बाहेर काढा. समजा, तुमच्या टेबलासमोर एक गिऱ्हाईक येऊन बसलं. म्हणतंय, सही आजच करा, ठराविक तारखेच्या आत. घरी कुणाला विचारू नका. तीन आठवडे फोन बंद ठेवा. पावतीचं मागाहून बघू. आणि तुमची जी बहीण शंका काढते तिच्याशी बोलूच नका. हे प्रकरण तुम्ही मॅनेजरच्या केबिनपर्यंत तरी जाऊ दिलं असतं का? दुसरं, तुमच्या मनात हेही येत असेल की इतके महिने दिले, इतकं मोकळं झाले, आता मागे फिरले तर ते सगळं वाया. जुनं कर्ज थकलं म्हणून ते फेडायला नवं कर्ज मंजूर करणारे अधिकारी तुम्ही पाहिले असतील. त्यांचं काय झालं तेही पाहिलं असेल.

बहिणीनं अंनिसचं नाव घेतलं म्हणून थोडं कायद्याचं. अंनिसचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर आमच्या साताऱ्याचे. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं उंबरे झिजवले त्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. चमत्काराचा दावा करून लुबाडणं, साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं असल्या गोष्टींना त्यात 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत कैद आहे. भजन, कीर्तन, प्रवचन, यात्रा यांना तो हात लावत नाही, तसं कायद्यातच लिहिलेलं आहे. म्हणजे नुसता सत्संग भरवला, दक्षिणा मागितली, एवढ्यावर गुन्हा होत नाही. पण पावती मागायला कुणाची बंदी नाही. पावतीवर न्यासाचा नोंदणी क्रमांक असायला हवा आणि तो खरा की कसा ते धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विचारता येतं. ‘पावती मागणं म्हणजे श्रद्धा कमी’ असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ बँकेतल्या बाईला मी काय सांगू?

आणि आता एक काम सांगते. गुरुपौर्णिमेच्या आधी करा. दोन गुरुवारांची रजा मागा.

केंद्रात सांगा, पुढचे दोन गुरुवार मी येणार नाही. कारण सांगू नका. पाहुणे येणार म्हणालात तर ‘पाहुण्यांनाही घेऊन या’ होईल, तब्येत म्हणालात तर ‘म्हणूनच यायला हवं’ होईल. नुसतं ‘जमणार नाही’. त्याच वेळी मनोगताची वही घरी न्यायला मागा. मग गप्प बसून बघा. एखाद्या बाईनं फोन करून ‘बरी आहेस ना?’ विचारलं तर ती माया असेल, नाही म्हणू नका. एका दिवसात पाच फोन आले आणि पाचही जणींची वाक्यं सारखीच निघाली, तर मात्र ती वाक्यं कुठे लिहिली गेली याचा विचार करा. कुणी तुमच्या नवऱ्याच्या गतीचा विषय काढला, कुणी वहीतलं आठवण करून दिलं, तर माझं उरलेलं पत्र वाचायची गरज नाही.

श्रद्धेच्या जागा मीही सोडलेल्या नाहीत. गोंदवल्याला जाते. रामाला नमस्कार करायचा, पंगतीत बसायचं, पोटभर प्रसाद घ्यायचा, आपलं ताट उचलायचं आणि परतीच्या गाडीला लागायचं. नाव काय, पुन्हा कधी येणार, मला आजवर कुणी विचारलेलं नाही. लोणंद, तरडगाव, फलटण करत माउलींची पालखी आमच्या जिल्ह्यातून जाते, त्यातल्या एका दिंडीत आमच्या आळीतल्या मावशी पंधरा वर्षं जायच्या. एका साली गुडघ्यानं दगा दिला. विणेकऱ्यांना निरोप पाठवला तर उत्तर आलं, ‘पुढल्या साली या, माउली.’ संपलं. दोन आठवड्यांनी तुम्ही परत गेलात, कुणी अवाक्षर काढलं नाही आणि तुमचा पेला नेहमीसारखा पुढे आला, तर मी चुकले असं याच सदरात छापीन. दीक्षा, फोन आणि गोळ्या यांवरचं माझं मत मात्र तेव्हाही हेच राहील.

रिकामा गुरुवार अंगावर येतो, मला माहीत आहे. संध्याकाळी पाच वाजले की पाय आपोआप चपला शोधतात. म्हणून ते दोन गुरुवार मोकळे सोडू नका. गावभागातल्या तुमच्या बायका कुठे गेल्या? सगळ्या काही परगावी गेल्या नसतील. कुणी कुपवाडला असेल, कुणी मिरजेला लेकीकडे, एखादी अजून त्याच घरात भिंतीवरची पाण्याची खूण दाखवत बसली असेल. तिघींचे नंबर मिळवा आणि गणपती मंदिरात भेटा. एवढं आधीच सांगून ठेवते की पहिल्या भेटीत मजा येणार नाही. एक जण गुडघ्यांचं काढेल, एक सुनेचं, तिसरी तुमचं वाक्य अर्ध्यात तोडून भिशीचा हिशोब सांगेल. केंद्रात तुमच्या डोळ्यांत बघून जसं ऐकलं गेलं तसं इथं कुणी ऐकणार नाही. तिथं ते कामच होतं. इथं चौथ्या-पाचव्या भेटीला कधीतरी कुणीतरी न विचारता तुमच्यासाठी चहात साखर कमी घालेल. जप घरी करा, संथ, दिवा लावून. त्याला कुणाची दीक्षा लागत नाही.

रात्री तीनला जाग आली आणि मन फारच सैरभैर झालं तर 14416 हा नंबर उशाशी लिहून ठेवा. टेली मानस, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात, रात्रीही. मिस्टरांच्या आजारपणातलं तुम्ही वहीत काय लिहिलंत ते मला नको. जवळच्या माणसाचं दुखणं काढताना आपण कधीतरी चिडतो, कंटाळतो, ‘आता सुटू दे’ असंही मनात येऊन जातं, आणि माणूस गेल्यावर तेच नेमकं बोचत राहतं. मला ते आईच्या वेळी झालं. तुमचं जे काही असेल ते एका माणसाला तोंडी सांगा. तोंडी सांगितलेल्याचं पान कुणाला उघडता येत नाही.

आता तासगावच्या बहिणीसाठी. बाई, तुमचा राग मला समजतो, पण कुणाला घेऊन येऊ नका. गुरुजींना ढोंगी म्हणालात की ताई त्यांची बाजू घेणार, आणि ‘नकारात्मक’ हा शिक्का तुम्ही आपल्याच हातानं उमटवून घेणार. गुरुवारी दुपारच्या एस.टी.नं बेदाण्याची पुडी घेऊन या आणि मुक्कामाला राहा. केंद्राचा विषय काढू नका. त्यांनी काढला तर ऐका, मध्ये बोलू नका, हे तुम्हाला जड जाईल. रात्री तीनला त्यांना जाग येते, तेव्हा शेजारच्या गादीवर कुणीतरी असू दे. आणि त्या 21 दिवस गेल्याच, तरी तुमचा नंबर बदलू नका, रुसू नका. मी कराडहून परत आले तेव्हा माझ्याशी आधीसारखं बोलणारं एकच माणूस उरलं होतं, माझी नणंद, जिला मी दोन वर्षं टाळलं होतं. तिनं विचारलं काय, तर ‘जेवलीस का?’

हे पत्र बहिणीला दाखवायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. दाखवलंत तर आधी हा शेवटचा भाग वाचायला द्या. पाटलीचं वाचून ती हसली तर हसू द्या, आमच्या घरात अजून हसतात.